भुईचाफा, मे फ्लॉवर, रानहळद : जागा कधी बदलायची आणि कशी

भुईचाफा वर्षातले चार-पाच महिने जमिनीवर दिसतच नाही. दिवाळी उलटली की पानं पिवळी पडतात, आडवी होतात, वाळून जातात. मागे उरते मोकळी माती. नव्याने बाग करणाऱ्याला वाटतं, झाड गेलं. सोसायटीचे माळीकाका "ताई, इथं काहीच नाही, सगळं वाळलंय" म्हणत तिथे झेंडू लावून टाकतात, आणि खणताना निघालेले कंद कचऱ्याच्या गाडीत जातात. खरं तर हे झाड हलवायची वेळ तीच. कंद भरलेला असतो, पानांचा भार नसतो, मुळ्यांचं काम थांबलेलं असतं. अशा वेळी जागा बदलली तर झाडाला फारसं कळतही नाही.

इथे मी ज्या झाडांबद्दल लिहितेय ती सगळी मूळची मोठ्या झाडांखालची, जमिनीत कंद किंवा कांदा धरून राहणारी, आणि चैत्र-वैशाखात किंवा पहिल्या पावसाच्या आगेमागे फुलणारी. ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडीतल्या जुन्या इमारतींच्या मागच्या पट्ट्यांत, नवी मुंबईत वाशी-नेरुळच्या सिडको वसाहतींतल्या अंगणांत ती वर्षानुवर्षं टिकून आहेत. आता यातल्या कितीतरी इमारती पुनर्विकासाला चालल्यात. माणसं सामान बांधतात, कुंड्या टेम्पोत चढवतात, पण जमिनीतला भुईचाफा मागे राहतो, कारण तो दिसत नाही. सासूबाईंनी माहेरून आणलेलं, दोन पिढ्यांनी जपलेलं झाड पोकलेनखाली जावं हे मला फार लागतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

तारीख नको, पान बघा

थंड देशांतली बागकामाची पुस्तकं वाचून सुरुवात करणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो. तिकडच्या वनातली वसंतात फुलणारी झाडं बर्फ वितळल्यावर घाईने वर येतात, डोक्यावरच्या झाडांना पालवी फुटून सावली दाट व्हायच्या आत फुलून घेतात, आणि उन्हाळ्यात जमिनीखाली जातात. म्हणून तिथे स्नोड्रॉपचा कांदा फूल ओसरल्यावर पान हिरवं असतानाच हलवायची पद्धत आहे, आणि ट्रिलियमसारखी झाडं पान गेल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला हलवतात. तिकडे हे अगदी बरोबर आहे.

ठाण्यात सप्टेंबर-ऑक्टोबर हा सर्वांत वाईट काळ. हवामान विभागाने २०२० साली ठरवलेल्या नव्या सरासरी तारखांप्रमाणे मुंबईत पाऊस ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. आपल्या झाडांची पानं काम करतात ती या चार महिन्यांत आणि पुढच्या महिनाभरात. पुढच्या वर्षीच्या फुलाची शिदोरी त्यातच कंदात साठते. शेवटच्या महिन्यात साठवण सगळ्यात जोरात चालू असते. नेमकं तेव्हा झाड उपटलं, वरून ऑक्टोबरचं ऊन लागलं, की पान दोन दिवसांत मान टाकतं आणि कंद अर्धवट भरलेलाच राहतो. तो मरेलच असं नाही, पण पुढची एक-दोन वर्षं फूल विसरा.

तेव्हा खूण पानाची. पान पूर्ण पिवळं झालं, आडवं पडलं, आणि दोन बोटांनी हलकं ओढल्यावर सहज हातात आलं, की कंद हलवायला तयार. ओढायला जोर लागत असेल तर थांबा. हिरवं किंवा अर्धं पिवळं पान नीट दिसत नाही म्हणून कापू नका. सोसायटीत हा आग्रह फार असतो, विशेषतः सणासुदीच्या साफसफाईत. तेवढे तीन-चार आठवडे भांडून घ्यावं लागलं तरी चालेल.

आपल्या भागात ही अवस्था साधारण नोव्हेंबरच्या शेवटापासून येते. डिसेंबर आणि जानेवारी हे हलवायचे हक्काचे महिने. भुईचाफ्यासाठी फेब्रुवारीचा मध्य ही शेवटची मुदत धरा, कारण त्यानंतर कळ्या जमिनीखाली तयार व्हायला लागतात. रानहळद, पेवा, कळलावी पावसाच्या तोंडावर किंवा पावसात फुलतात, त्यामुळे त्यांना मे महिन्यापर्यंत सवड आहे. आणि ही सवड संपल्याची एक पक्की खूण बाजारात मिळते. मे संपता संपता जांभळी नाक्याच्या भाजी बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या आणि त्या भाजीत घालायची आंबट काकडं घेऊन बसायला लागतात. शेवळ हासुद्धा कंदातून पानाआधी वर येणारा फुलोराच. तो बाजारात आला म्हणजे डोंगरातले कंद जागे झाले. तुमच्या कुंडीतलेही होत आले असणार. मग कंद उकरत बसू नये.

कोणतं झाड, काय स्वभाव

भुईचाफा हळद-आल्याच्या कुळातला. फूल पानाआधी येतं, मार्च ते मेच्या दरम्यान, थेट मातीतून. पांढऱ्या पाकळ्या, जांभळी झाक, आणि वास असा की सकाळी दार उघडताच कळतं. एकेक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण एका गड्ड्यातून कित्येक दिवस नवी फुलं निघत राहतात. मग पावसाबरोबर पानं येतात, वरून नक्षीची आणि खालून जांभळट. याचा गड्डा लहान असतो, त्याला लोंबणाऱ्या मुळ्या मात्र टोकाशी फुगलेल्या असतात.

मे फ्लॉवर, म्हणजेच फुटबॉल लिली, मूळची आफ्रिकेतली. पण आपल्या अंगणांत इतकी रुळली आहे की परकी वाटत नाही. एका कांद्याला वर्षाला एकच लाल गोल फुलोरा येतो, एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात. या कांद्याला हलवलेलं आवडत नाही. हलवल्यावर एक वर्ष फूल न येणं अगदी नेहमीचं. म्हणून उगाच याची जागा बदलत राहू नका, कारण असेल तरच हलवा.

रानहळदीचं फूल पहिल्या पावसाबरोबर येतं. गुलाबी-जांभळी किंवा पिवळी फुलं, मागून मोठी पानं. चिवट झाड, नवशिक्याने सुरुवात याच्यापासून करावी. पेवा उंच होतो, त्याला जागा लागते. सोनटक्का यांच्यात थोडा वेगळा आहे. पाणी मिळत राहिलं तर तो पूर्ण झोपतच नाही, त्यामुळे त्याला फेब्रुवारीत किंवा सरळ जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर हलवावं. स्पायडर लिलीही बारा महिने हिरवी असते, तिला जूनच बरा. पावसाळी लिलीबद्दल काळजी करायचं कारण नाही, ती कधीही हलवली तरी जगते.

कळलावीबद्दल मात्र गंभीरपणे सांगायला हवं. तिचा कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा वाकलेला असतो आणि कोंब फक्त टोकाशी असतो. टोक मोडलं की तो तुकडा गेला. आणि तो कंद जहरी विषारी आहे. त्यातलं कोल्चिसिन जीव घेऊ शकतं. मे फ्लॉवरचा कांदाही विषारी आहे. म्हणून हे कंद स्वयंपाकघरात, कांदे-बटाट्यांच्या टोपलीजवळ, आल्या-हळदीच्या शेजारी कधीच ठेवू नका. पिशवीवर ठळक "विषारी" लिहा. घरात रांगतं मूल, कुत्रं किंवा मांजर असेल तर कळलावी लावायची की नाही याचा आधी विचार करा. काढताना हातमोजे घाला.

येऊरमधून काहीही उचलू नका

मे-जूनमध्ये येऊरला फिरायला गेलं की रानहळद वाटेच्या कडेला फुललेली दिसते आणि हात शिवशिवतात. पण येऊरचं जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. तिथून रोप, कंद, अगदी पालापाचोळ्याची मातीसुद्धा उचलणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यालाही तेच लागू. कायदा बाजूला ठेवला तरी फुललेलं झाड उपटून आणलं की ते बहुधा जगत नाही, आणि तिथली जागाही रिकामी होते. रोपवाटिकेत विचारा, नातेवाइकांकडे, जुन्या चाळीत राहणाऱ्या ओळखीच्या मंडळींकडे विचारा. ज्यांच्याकडे भुईचाफा आहे त्यांच्याकडे तो गरजेपेक्षा जास्त असतो, आणि मागितलेला त्यांना आवडतो.

सप्टेंबरातच खुणा करून ठेवा

जानेवारीत काय कुठे आहे ते दिसणार नाही. म्हणून पानं हिरवी असतानाच कामाला लागायचं. प्रत्येक झुपक्याभोवती तीन-चार विटांचे तुकडे किंवा फरशीचे तुकडे अर्धे पुरून ठेवा. जवळ पट्टी रोवा आणि तिच्यावर नाव पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई आपल्या उन्हात एका मोसमात उडते, पेन्सिल टिकते. झुपका किती मोठा आहे, कोणत्या भिंतीपासून किती हातांवर आहे, याचा फोटो काढून ठेवला तर आणखी बरं. पुनर्विकासाच्या गडबडीत विटाही कोणीतरी उचलून नेतं.

माळीकाकांना आणि वॉचमनला प्रत्यक्ष नेऊन जागा दाखवा. सूचनाफलकावरची चिठ्ठी कोणी वाचत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटापासून पाणी कमी करत न्या. नव्या टॉवरांमध्ये, घोडबंदर रोडला किंवा खारघरला, रोज रात्री आपोआप सुटणारे फवारे असतात. हिरवळीसाठी ते ठीक, पण झोपलेल्या कंदाला रोजचं पाणी म्हणजे कुजायला आमंत्रण. तेवढ्या कोपऱ्याचं नोझल बंद करून घ्या.

काढायचं कसं

आदल्या दिवशी जमिनीवर थोडं पाणी शिंपडा. आपल्याकडचा मुरूम वाळला की दगडासारखा होतो, आणि कोरडा मुरूम पहारीने फोडला की आतले कंदही फुटतात. चिखल मात्र करू नका. माती हातात दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने ढकलली तर सुटावा, इतपत ओल पुरे.

खुरपं थेट झुपक्याच्या मध्यावर घालायचं नाही. बाहेरच्या कडेपासून एक वीत अंतर सोडून गोल आखून घ्या आणि त्या रेषेवर खोल खणत जा, चारही बाजूंनी. काट्याचं हत्यार असेल तर उत्तम, त्याने कंद कापले जात नाहीत. सगळ्या बाजू मोकळ्या झाल्या की खालून हात किंवा फावडं घालून मातीचा अख्खा गड्डा वर उचला आणि गोणपाटावर ठेवा.

भुईचाफ्याच्या बाबतीत इथून पुढची दहा मिनिटं महत्त्वाची. माती बोटांनी, कडेकडेने, हळूहळू सोडवा. आधी दिसतो तो मधला गाठीसारखा लहान गड्डा, त्याच्यावर टोकदार डोळे. मग त्याच्या खालून दोऱ्याएवढ्या बारीक मुळ्या निघालेल्या दिसतात, आणि प्रत्येकीच्या टोकाला फिकट, रसरशीत गाठ, भुईमुगाच्या वेलाला शेंगा लटकाव्यात तशी. झाडाचं पाणी आणि पिष्ट याच गाठींत असतं. त्यांच्यातून नवं झाड येत नाही, त्यामुळे पुष्कळ जण "या काय नुसत्या मुळ्या" म्हणून तोडून टाकतात. तोडू नका. जितक्या गाठी शाबूत, तितकं फूल चांगलं. एखादी तुटली तर हळहळायचं कारण नाही, पण सगळ्या झडल्या तर गड्ड्याला पाऊस येईपर्यंत तग धरणं कठीण होतं. माती सुटतच नसेल तर सोडवू नका, मातीसकट लावा.

मे फ्लॉवरच्या जाड पांढऱ्या मुळ्याही अशाच जपाव्यात. रानहळद आणि पेवा मात्र कणखर, थोडं आडदांडपणे काढलं तरी चालतं.

पाण्याने धुऊ नका. बोटाने दाबून बघा. कडक असेल तो चांगला. मऊ लागत असेल, वास येत असेल, तर तेवढा भाग धारदार चाकूने निरोगी गर दिसेपर्यंत कापा, चाकू दर वेळी पुसा, आणि कापलेल्या जागेवर चुलीची किंवा शेगडीची राख लावा.

वाटणी

झुपका दाटून फुलं कमी झाली असतील तरच वाटणी करा. प्रत्येक तुकड्याला किमान दोन निरोगी डोळे हवेत, भुईचाफ्याला त्याखाली गाठी असलेल्या चार-पाच मुळ्याही. एका गड्ड्याचे सहा बारीक तुकडे करण्यापेक्षा दोन दणकट तुकडे करा. पहिल्याच वर्षी फूल बघायला मिळालं तर नव्या माणसाचा उत्साह टिकतो, आणि मला वाटतं बागकामात पहिल्या दोन वर्षांत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

कापलेले तुकडे सावलीत एक-दोन दिवस वाळू द्या, उन्हात नाही. मे फ्लॉवरचा कांदा कापायचा नसतो. शेजारी लहान पिल्लं आली असतील ती नुसती सोडवून घ्या.

जागा

येऊरच्या डोंगरात उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो. जमिनीपर्यंत ऊन पोहोचतं. पावसाळ्यात तोच साग दाट छत्री धरतो. आपल्या झाडांची हीच सवय आहे, फुलताना उजेड आणि पान असताना सावली. घराजवळ हे जमवायला सर्वांत चांगला आधार देवचाफ्याचा. तो हिवाळ्यात पानं गाळतो आणि पावसाच्या सुमाराला भरतो. भुईचाफा देवचाफ्याखाली लावलेला मला फार आवडतो, आणि तो तिथे खूश असतो. पारिजातक, बहावा यांच्याखालीही चालतो. आंब्याखाली नको, तिथे बारा महिने अंधार. पर्जन्यवृक्षाखाली मुळ्यांचं जाळं इतकं असतं की कंदाला माती उरत नाही.

गॅलरीत लावणार असाल तर पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू बघा. सकाळी दहापर्यंतचं ऊन भरपूर झालं. पश्चिमेच्या भिंतीला लागून कुंडी ठेवली तर एप्रिलमध्ये काँक्रीट रात्री उशिरापर्यंत तापलेलं राहतं आणि कंद भाजून निघतो.

पाणी साचण्याचा प्रश्न आपल्याकडे जागेच्या निवडीत सगळ्यात आधी येतो. नवी मुंबईत खाडीलगतच्या सेक्टरांमध्ये भरावाची जमीन आहे. पावसात पाणी वरच असतं आणि काही ठिकाणी मातीत खारटपणाही असतो. तिथे खड्डा करून लावू नका. विटांची कड करून जमिनीपासून सहा-आठ इंच उंच वाफा करा आणि त्यात बाहेरून आणलेली माती भरा. ठाण्याच्या डोंगराकडच्या उतारावर हा त्रास कमी, पण तिथे मातीचा थर पातळ असतो.

नव्या इमारतींच्या वाफ्यांत आणखी एक गोष्ट हमखास निघते, रॅबिट. बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचे गोळे, फरशीचे तुकडे, वरून दोन इंच लाल माती. सिमेंटमुळे माती विम्लधर्मी, म्हणजे अल्कलाइन होते आणि हळदीच्या कुळातल्या झाडांची पानं पिवळी पडत राहतात. खत घालून ते सुधारत नाही. किमान फूटभर खोल उकरून रॅबिट काढून टाकावं लागतं, त्याला पर्याय नाही. पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या बागेत मातीची खोली कमी असते, पण ही झाडं उथळ मुळांची असल्याने तिथे चालतात. वर आच्छादन मात्र जाड हवं.

माती आणि खोली

दोन भाग लाल माती, एक भाग पालापाचोळ्याचं खत, एक भाग जुनं मुरलेलं शेणखत, आणि एक भाग विटांचा चुरा किंवा धुतलेली कच. ताजं शेण नको. नुसतं कोकोपीट वापरू नका, पावसात ते पाणी धरून ठेवतं आणि कंद कुजतात. मिळाली तर ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पावडर शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत ठेवा आणि मग वापरा, कुजण्याला चांगला आळा बसतो. कुंडी खोलीपेक्षा रुंदीला जास्त असावी. बारा इंची कुंडीत भुईचाफ्याचे दोन-तीन गड्डे आरामात राहतात. खालची भोकं तपासा. रोपवाटिकेतल्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांना कधीकधी ती पाडलेलीच नसतात.

भुईचाफ्याचा डोळा मातीखाली साधारण दोन इंच. खालच्या गाठी दुमडू नका, त्यांना पसरायला खड्डा तेवढा रुंद करा. मे फ्लॉवरच्या कांद्याची मान मातीच्या पातळीला किंवा किंचित वर हवी. पूर्ण पुरला तर पावसात मान कुजते. रानहळद आणि पेवा तीन इंच. सोनटक्क्याचा गड्डा जमिनीलगत आडवा, वर जेमतेम इंचभर माती. कळलावी तीन इंचांवर, आडवी, जवळ वेल चढायला काठी किंवा जाळी.

वर दोन इंच पालापाचोळा पसरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीत पानं भरपूर गळतात आणि सकाळी झाडून जाळली किंवा फेकली जातात. झाडूवाल्या मावशींना सांगून दोन गोण्या बाजूला ठेवून घ्या. बदामाची पानं जाड असतात, ती चुरून टाका, नाहीतर त्यांचा थर बसतो आणि हवा आत जात नाही.

लावल्यावर पाणी

लावल्या दिवशी एकदा माती बसेल इतकं पाणी. मग हात आवरा. झोपलेल्या कंदाला दहा-पंधरा दिवसांतून एकदा हलका शिडकावा पुरतो, गॅलरीत पाऊस-दव लागत नसेल तर थोडा अधिक. नव्या माणसांच्या हातून कंद मरतात ते बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत, रोज प्रेमाने घातलेल्या पाण्याने. कुंडी रिकामी दिसते, काहीच हालचाल नसते, म्हणून पाणी घालावंसं वाटतं. उकरून बघावंसंही वाटतं. दोन्ही करू नका.

मातीतून कळीचं जांभळट टोक दिसलं की पाणी वाढवा, दोन-तीन दिवसांआड. फुलं संपल्यावर पाऊस येईपर्यंत ओल टिकेल एवढंच. जूनपासून पाणी आपल्या हातात राहत नाही, तेव्हा लक्ष निचऱ्यावर ठेवा. कुंडीत पाऊस थांबल्यावर तासाभरानेही पाणी तरंगत असेल तर भोकं बुजली आहेत. कुंडी विटांवर उचलून ठेवा आणि खालून काडीने मोकळी करा.

पावसात गोगलगायी येतात, विशेषतः मोठ्या आफ्रिकन. त्या एका रात्रीत कोवळा कोंब साफ करतात. रात्री टॉर्च घेऊन वेचणं हाच खात्रीचा उपाय. हातमोजे घाला आणि वेचून झाल्यावर हात साबणाने धुवा.

खत पान पूर्ण उघडल्यावर, जुलैत एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा, मूठभर गांडूळखत. सप्टेंबरमध्ये चमचाभर लाकडाची राख. त्यानंतर काही नाही.

इमारत पाडायची तारीख पानासाठी थांबत नाही

घर रिकामं करायची नोटीस ऑगस्टमध्ये आली तर काय? तेव्हाही हलवता येतं, रीत थोडी बदलते. माती सोडवायची नाही, वाटणी करायची नाही, एकही पान कापायचं नाही. झुपका मोठ्या मातीच्या गड्ड्यासकट काढून सरळ ग्रो बॅगमध्ये, रंगाच्या रिकाम्या बादलीत किंवा तेलाच्या डब्यात ठेवा, खाली भोकं पाडून. पावसाळी हवेत पान टिकतं. नव्या घरी तीन आठवडे सावलीतच ठेवा आणि खरी लागवड जानेवारीपर्यंत पुढे ढकला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वेळ आली तरी हेच, फक्त गड्डा आणखी मोठा घ्या, काम संध्याकाळी करा आणि पानांवर दिवसातून दोनदा पाणी फवारा.

एप्रिलमध्ये, भुईचाफा फुलात असताना निघावं लागलं, तर पान नसल्यामुळे झाड वाचतं, त्या वर्षीची उरलेली फुलं मात्र जातात. आठवडा-दोन आठवडे मिळत असतील तर फुलं संपू द्या आणि पान फुटायच्या आधीच्या छोट्या मुदतीत काढा.

आणि घर सोडलंय, भाड्याच्या घरात गॅलरीही नाही, अशी वेळ डिसेंबर ते फेब्रुवारीत आली तर रानहळद, पेवा, कळलावी यांचे कंद महिना-दोन महिने साठवता येतात. कोरड्या कोकोपीटमध्ये किंवा लाकडाच्या भुशात, कागदी पिशवीत, पलंगाखाली हवा खेळेल अशा जागी. प्लॅस्टिकची पिशवी नको, फ्रिज नको. भुईचाफ्याच्या गाठी उघड्यावर पटकन सुरकुततात, त्याला मातीसकट खोक्यात ठेवा. मे फ्लॉवरचा कांदाही फार दिवस उघडा ठेवू नका. फळवाल्याकडचे प्लॅस्टिकचे क्रेट टेम्पोतून न्यायला सोयीचे पडतात. प्रत्येक क्रेटवर नाव दोन ठिकाणी लिहा, आणि क्रेट उतरवणाऱ्यांना सांगा की यात माती असली तरी ती टाकायची नाही.

जागा नसेल तर शेजारच्या सोसायटीतल्या कोणाकडे तरी ठेवायला द्या. देताना चार गोष्टी चिठ्ठीवर लिहून द्या, नाव, किती खोल लावायचं, पाणी कधी सुरू करायचं, आणि विषारी असेल तर तसं. नव्या इमारतीचा ताबा मिळायला तीन-चार वर्षं लागली, तर तोपर्यंत झुपका वाटणीला आलेलाच असेल. अर्धा त्यांच्याकडे राहू द्या.